अपिलाने शिस्त मोडत नाही

‘लष्करात अपिलाचे लाड नकोत’ असे म्हणणाऱ्यांत काही निवृत्त अधिकारी असतात. ज्यांना लष्कराचा वाराही लागलेला नाही असे गृहस्थ तर त्याहून जास्त. शिक्षा जागच्या जागी झाली नाही तर हुकूम ऐकणार कोण, हा त्यांचा सवाल.

त्यांनी रणजित ठाकूर खटला वाचावा. या सिग्नलमनने वरिष्ठांच्या जाचाची तक्रार थेट वर पाठवली. त्याबद्दल २८ दिवसांची कैद झाली. ती भोगताना त्याने हुकूम होऊनही जेवायला नकार दिला. लगेच समरी कोर्टमार्शल झाले आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार होती तो अधिकारीच न्यायासनावर बसला. शिक्षा काय, तर एक वर्षाची सक्तमजुरी आणि बडतर्फी. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सारे रद्द केले. जेवण नाकारल्याबद्दल संसार उघड्यावर आणण्याला शिस्त म्हणायचे असेल, तर बेशिस्त कशाला म्हणायचे?

दुसरा युक्तिवाद जरा बरा आहे: शिक्षेची पुष्टी वरिष्ठ अधिकारी करतातच, जवानाला अर्जही करता येतो. खरे आहे. पण पुष्टी करणारा हुकूम देणाऱ्यांच्या त्याच साखळीतला असतो, आणि समरी कोर्टमार्शलला तर पुष्टीचीही गरज नसते. म्हणूनच १९८२ च्या पृथीपालसिंग बेदी निकालात सर्वोच्च न्यायालयाने एकाही अपिलाची सोय नसल्याबद्दल खंत व्यक्त केली. अशा अपिलाचा कायदा २००७ मध्ये झाला आणि सशस्त्र दल न्यायाधिकरण २००९ मध्ये सुरू झाले. तोवर पाव शतक उलटले होते. त्यानंतरही लष्कर उभेच आहे.

‘मग न्यायाधिकरण आहे ना, उच्च न्यायालय कशाला?’ २०१५ च्या एका निकालाने हा दरवाजा जवळजवळ लावूनच टाकला होता. न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात जायचे, तर सार्वजनिक महत्त्वाचा कायद्याचा मुद्दा दाखवावा लागतो. साताऱ्याच्या बडतर्फ शिपायाने तो आणायचा कुठून? त्याच्यावर अन्याय झालेला असतो, कायद्याचा पेच पडलेला नसतो. २०२३ मध्ये परशोतम दास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात जाण्याचा मार्ग पुन्हा मोकळा केला, हे योग्यच झाले.

एक आक्षेप मात्र मला बोचतो. माछिलमध्ये २०१० साली तीन काश्मिरींना बनावट चकमकीत मारल्याबद्दल कोर्टमार्शलने जन्मठेप दिली. २०१७ मध्ये न्यायाधिकरणाने ती स्थगित केली. अपिलाचा लाभ आरोपींना मिळाला, मृतांच्या घरच्यांचे काय? पण यावर उपाय अपील बंद करणे हा नव्हे. त्या घरच्यांनाही अपिलाचा हक्क देणे हा आहे.

आणि ज्या संरक्षण मंत्रालयाविरुद्ध जवान दाद मागतो, त्याच्याच अखत्यारीत न्यायाधिकरण का? ते कायदा मंत्रालयाकडे सोपवा. त्याने सीमेवरची एकही चौकी हलणार नाही.