फोन बदलला, पण गोळीची घंटी?

दिवाळीनंतरच्या आठवड्यातली गोष्ट. रात्री सव्वादोनला उशाशी ठेवलेला मोबाइल वाजला. माझी फार वर्षांची एक सवय आहे. रात्री फोन आला की आधी बाजूचे बटण दाबून घंटी बंद करायची, म्हणजे घरच्यांची झोप मोडत नाही. मग बाहेरच्या खोलीत येऊन फोन घ्यायचा. त्या रात्रीही मी तेच केले. झोपेत बटण एकदा दाबले गेले की दोनदा, हे कळले नाही. बाहेर येऊन पाहतो तर फोन कटलेला. परत लावायला गेलो, तर फोन उघडण्याचे सहा आकडे दोनदा चुकले. शेवटी फोन लागला तेव्हा पलीकडची लाइन व्यस्त होती.

सकाळी दवाखाना उघडला तेव्हा तो मुलगा दारातच उभा होता. आईला दमा. रात्री श्वास घेववेना म्हणून त्याने आधी मला फोन केला होता. रागावला नाही, पण एवढेच म्हणाला, "डाक्टरसाहेब, तुमी फोन कापला नं!" माझ्याकडे उत्तर नव्हते. त्याने लगेच १०८ ला फोन केला म्हणून निभावले. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांनी वाफेतून औषध दिले आणि सरकारी दवाखान्यात पोहोचेपर्यंत आईचा दम बराच खाली बसला होता.

झाले होते असे, की आठ दिवसांपूर्वीच माझा फोन बदलला होता. जुना सहा वर्षांचा, संथ झालेला. पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलीने दिवाळीत नवा आणून दिला आणि तीन दिवसांनी ती परत गेली.

वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल, तरी थोडक्यात सांगतो. आजचे स्मार्टफोन मुख्यतः दोन पद्धतींवर चालतात. एक अँड्रॉइड, जी बाजारातल्या बहुतेक कंपन्यांच्या फोनमध्ये असते. दुसरी आयओएस, जी फक्त आयफोनमध्ये असते. कामे दोन्हींवर तीच होतात, पण खाणाखुणा वेगळ्या. अँड्रॉइडवर मागे जाण्याची खूण बहुधा पडद्याच्या तळाशी सापडते. आयफोनवर तशी कायमची खूण नाही, पडद्याच्या डाव्या कडेवरून बोट आत सरकवावे लागते. माझ्या जुन्या फोनवर बाजूचे बटण कितीही वेळा दाबले तरी फक्त घंटी बंद होई. नव्यावर एकदा दाबले तर घंटी बंद होते आणि दोनदा दाबले तर फोन नाकारला जातो. दोष फोनचा नाही. न शिकता तो उशाशी घेऊन झोपणाऱ्या डॉक्टरचा आहे.

नवा फोन घेतलेले पन्नाशी-साठीचे लोक अलीकडे दवाखान्यात मला हळूच विचारतात, "साहेब, साधा फोन जमत नाही, डोकं तर कमजोर होत नाही ना?" त्यांच्यासाठी हे सांगणे जरुरीचे आहे. आपली स्मृती एका प्रकारची नसते. गावाचे नाव, नातवाचा वाढदिवस ही माहितीची स्मृती. सायकल चालवणे, कुलूप उघडणे, फोनवर बोट फिरवणे ही सवयीची स्मृती. तिचे काम मेंदूच्या खोलवरच्या गाठी आणि लहान मेंदू यांच्याकडे असते. ही स्मृती सावकाश बनते आणि एकदा बनली की आपल्याला न विचारता काम करते. म्हणून नवे शिकणे जेवढे अवघड, त्याहून जुनी सवय मोडणे अवघड.

जुनी बुलेट चालवलेल्या मंडळींना हे लगेच पटेल. तिचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असे. नंतर दुसरी मोटरसायकल घेतली की ऐन गर्दीत ब्रेक समजून गिअरवर पाय पडायचा. त्या माणसांची बुद्धी कमी झालेली नव्हती, पाय जुन्या गाडीवर होता. माझे बोटही जुन्या फोनवरच होते.

मात्र काही लक्षणांकडे दुर्लक्ष करू नये. वर्षानुवर्षे वापरलेला तोच फोन अचानक चालवता येईनासा झाला, एकच प्रश्न दिवसातून अनेकदा विचारला जाऊ लागला, ओळखीच्या रस्त्यावर चुकायला झाले, पैशांचा हिशेब जमेना, तर डॉक्टरांना दाखवावे. केवळ नव्या फोनमुळे झालेला गोंधळ रोजच्या वापराने काही आठवड्यांत ओसरतो.

माझी चूक माझ्यापुरती राहिली असती तर हा लेख लिहिला नसता. पण त्याच महिन्यात पवनी तालुक्यातले एक निवृत्त गुरुजी दवाखान्यात आणले गेले. वय अडुसष्ट, दहा वर्षांपासून मधुमेह. अंग घामाने भिजलेले, हात थरथरत, बोलणे असंबद्ध. बोटातून रक्त घेऊन तपासले तर साखर ४८. सत्तरच्या खाली गेली की आम्ही सावध होतो. शिरेतून ग्लुकोज दिले, तेव्हा पंधरा-वीस मिनिटांनी त्यांनी मला ओळखले. त्यांची गोळी ग्लिमेपिराइड गटातली होती. तिच्यामुळे उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून त्यांना संध्याकाळपर्यंत सोडले नाही.

मग हळूहळू उलगडा झाला. गुरुजी रात्रीची गोळी विसरत, म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच त्यांना मोबाइलमध्ये गजर लावायला सांगितले होते. आमच्या कंपाउंडरने तो लावून दिला होता. दिवाळीत नागपूरच्या मुलाने स्वतःचा आयफोन वडिलांना दिला. नावे-नंबर, फोटो सगळे नव्या फोनमध्ये घेतले, पण गजराचे कुणाच्या ध्यानात आले नाही. जुना फोन कपाटात गेला. गुरुजींच्या पत्नी सांगत होत्या, "दोन रोज रात्री कपाटात काहीतरी वाजत होतं, साहेब. आमी शोधलं, मंग ते बंदच झालं." बॅटरी संपली होती. गुरुजी म्हणाले, "गोळ्या त होत्या डब्बीत, पन घंटी वाजलीच नाई."

पाठोपाठ तीन रात्री गोळी चुकली. घरच्या यंत्रावर साखर २९० दिसली. गुरुजी घाबरले, राहिलेल्या गोळ्यांची भरपाई म्हणून सकाळी दोन गोळ्या एकदम घेतल्या आणि साखर वाढू नये म्हणून जेवले नाहीत. पुढचे तुम्ही वाचलेच आहे. चुकलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट करून घेऊ नये, हे मी त्यांना कधी स्पष्ट सांगितले नव्हते. तो माझा दोष.

या दोन प्रसंगांनंतर माझे मत पक्के झाले आहे. आजारी माणसाच्या घरात मोबाइल ही चैनीची वस्तू राहिलेली नाही, तो उपचाराचा भाग झाला आहे. गोळीची आठवण त्यात, रिपोर्ट त्यात, डॉक्टरांचा नंबर त्यात. रक्तदाबाचे औषध बदलले की आम्ही पंधरा दिवसांनी परत बोलावतो. फोन बदलतानाही तेवढीच खबरदारी हवी. काही जण म्हणतील, फोनचा नाद सोडा, कॅलेंडरवर खुणा करा. मला ते अर्धेच पटते. गजराने गुरुजींची साखर दोन वर्षे ताब्यात ठेवली होती, हेही खरे आहे. फक्त सगळा भार एकट्या फोनवर टाकू नये.

तेव्हा फोन बदलणाऱ्यांनी, विशेषतः एका पद्धतीवरून दुसऱ्या पद्धतीवर जाणाऱ्यांनी, पुढील गोष्टी कराव्यात.

पहिली, जुना फोन निदान पंधरा दिवस चार्ज करून डोळ्यांसमोर ठेवा. बदलीच्या सवलतीसाठी त्याच दिवशी दुकानात देऊन टाकू नका. जुन्या फोनमधले सगळे गजर कागदावर उतरवा, एकेक करून नव्यात लावा आणि पहिल्या दिवशी तो खरेच वाजतो का, ते कानांनी ऐका.

दुसरी, तुमचे रिपोर्ट. आपल्याकडे रक्ताचा रिपोर्ट लॅबवाले व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात आणि तो तिथेच पडून राहतो. पूर्वी अँड्रॉइडवरचे व्हॉट्सअ‍ॅपचे संभाषण आयफोनवर नेण्याची अधिकृत सोय नव्हती. २०२२ पासून ती आहे, पण ते काम नवा फोन पहिल्यांदा सुरू करतानाच केलेले बरे. त्याआधी महत्त्वाचे रिपोर्ट छापून फाइलला लावा. शेवटचा ईसीजी, ऑपरेशनचा कागद, सिकलसेलचा तपासणी अहवाल हे तर नक्कीच.

तिसरी, साखरेच्या व रक्तदाबाच्या नोंदी. अँड्रॉइड आणि आयफोन यांची आरोग्याची वही वेगवेगळी असते. एकीतली पाने दुसरीत आपोआप येत नाहीत. मागच्या तीन महिन्यांची मोजमापे साध्या वहीत उतरवून घ्या. ज्यांनी आभा क्रमांक काढला आहे त्यांनी काळजी करू नये. तो चौदा आकडी क्रमांक तुमच्या नावाचा आहे, फोनचा नव्हे. मात्र त्याला जोडलेला मोबाइल नंबर चालू ठेवा आणि क्रमांक कागदावर लिहून ठेवा.

चौथी, आपत्कालीन माहिती. दोन्ही पद्धतींत अशी सोय आहे की फोन कुलूपबंद असतानाही इमर्जन्सी या शब्दावर बोट ठेवले की मालकाचा रक्तगट, आजार, औषधे, अ‍ॅलर्जी आणि घरच्यांचा नंबर दिसू शकतो. आयफोनवर ही माहिती हेल्थमधल्या मेडिकल आयडीत भरतात, अँड्रॉइडच्या बहुतेक फोनवर सेटिंगमधल्या सुरक्षेच्या विभागात. रस्त्यावर बेशुद्ध पडलेल्या मधुमेहाच्या रुग्णाबद्दल आम्हाला एवढे कळले तरी वेळ वाचतो. जुन्या फोनमध्ये भरलेली ही माहिती नव्यात आहे का, ते पाहा. नसेल तर पुन्हा भरा.

पाचवी, फोन घेण्याची आणि लावण्याची तालीम करा. घरच्याला फोन करायला सांगा आणि दहा वेळा उचला, दिवा मालवून, चष्मा न लावता. १०८ कसा लावायचा ते न लावता पाहून ठेवा. बाजूचे बटण पटापट दाबले की आपत्कालीन फोन जाण्याची व्यवस्थाही असते. किती वेळा दाबायचे हे फोनप्रमाणे बदलते, म्हणून ते माहीत करून घ्या, पण गंमत म्हणून दाबू नका.

सहावी, डोळे आणि हात. चाळिशीनंतर डोळ्यातले भिंग ताठर होते आणि जवळचे अक्षर धूसर दिसते. नवा फोन आला की सेटिंगमध्ये अक्षर मोठे करा. तरीही कपाळ दुखत असेल तर चष्म्याचा नंबर तपासा. रोवण्याच्या दिवसांत चिखलात राबलेल्या हातांचे ठसे झिजतात, अशा बोटांनी फोन उघडत नाही. त्यांनी आकड्यांचे कुलूप ठेवावे आणि ते आकडे घरातल्या एका विश्वासू माणसाला सांगावेत.

शेवटी पुण्या-नागपूरच्या मुला-मुलींना एक विनंती. आईवडिलांना फोन जरूर द्या, पण देऊन लगेच गाडीत बसू नका. त्यांच्या हातातला फोन ठीक चालत असेल, तर आपला जुना झाला म्हणून तो त्यांच्या गळ्यात घालू नका. द्यायचाच असेल तर दोन दिवस जवळ बसा. प्रत्येक वेळी त्यांच्या हातून काढून स्वतः करून दाखवू नका, त्यांच्या बोटाला करू द्या. आणि पहिला प्रश्न विचारा, "बाबा, तुमची गोळी किती वाजता असते?"

गुरुजींच्या घरी आता दोन गोष्टी आहेत. नव्या फोनमध्ये गजर आहे आणि डबीशेजारच्या भिंतीवर कागद आहे. गोळी घेतली की गुरुजी त्यावर खूण करतात. चुकली तर काय करायचे, तेही मी त्याच कागदावर लिहून दिले आहे. माझ्या औषधाच्या चिठ्ठीवरही आता एक ओळ छापली आहे: रात्री दम लागला किंवा छातीत दुखले, तर डॉक्टरांची वाट पाहू नका, आधी १०८ लावा.

मागच्या सोमवारी ती दम्याची आजी तपासायला आली होती. तपासून झाल्यावर तिच्या मुलाने माझ्यासमोर बसूनच खिशातून मोबाइल काढला आणि माझा नंबर लावला. टेबलावरचा माझा फोन वाजला. बटणाला हात न लावता मी तो उचलला. "जमलं," तो म्हणाला, आणि आजी हसली.