१६४६ कुणी मोजले?

बारी गावातून पहाटे निघून, लोखंडी शिड्या चढून आम्ही कळसूबाईच्या माथ्यावर पोचलो आणि देवीला नमस्कार करून होतो न होतो तोच ग्रुपमध्ये वाद पेटला. एकाच्या फोनवर उंची १५८० मीटरच्या आसपास दिसत होती, दुसऱ्याच्या घड्याळात १६३०. तिसरा म्हणाला, “सोडा रे, गुगलवर १६४६ आहे.” वाद मिटला, पोह्यांचे डबे उघडले.

तो वाद इतक्या सहज मिटला, यावरच माझा आक्षेप आहे.

५४०० फुटांना ०.३०४८ ने गुणून पाहा. १६४५.९२ येतात. म्हणजे आपण अभिमानाने सांगतो तो आकडा बरोब्बर ५४०० फुटांवर बसतो. डोंगर इतके नीटस नसतात. एव्हरेस्टची उंची १८५६ मध्ये २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली. गणिताने नेमके २९,००० आले होते, पण लोकांना तो अंदाज वाटेल म्हणून दोन फूट वाढवले, अशी आख्यायिका आहे. खरीखोटी असो, पण तिच्यातल्या माणसांना निदान एवढी धास्ती होती की कुणीतरी शंका घेईल. आपल्याला तीही नाही. राधानाथ सिकदारांचं नाव भाषणात घ्यायचं आणि त्यांनी आयुष्यभर केलं ते काम मात्र किरकोळ समजायचं, हा आपला खाक्या.

फोन आणि घड्याळ खोटं बोलत नव्हते. उपग्रह उंची मोजतात ती पृथ्वीच्या एका गुळगुळीत गणिती आकारापासून. आपण ‘समुद्रसपाटी’ म्हणतो ती पातळी गुरुत्वाकर्षणाप्रमाणे वरखाली होते आणि आपल्या भागात ती त्या आकाराच्या पन्नासहून अधिक मीटर खाली आहे. ही दुरुस्ती न करणारं ॲप डोंगर तेवढा बुटका दाखवतं. घड्याळ बहुधा हवेच्या दाबावर चालतं, म्हणून हवामान बदललं की त्याचा डोंगरही बदलतो. दोन्ही आकड्यांमागे निदान कारण सांगता येतं. तिसऱ्यामागे फक्त गुगल होतं.

यात मीही गुन्हेगार आहे. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मी किल्ल्यांच्या उंचीची एक यादी नेटवर टाकली होती. बागलाणातल्या एका सुळक्याची उंची कुठेच मिळेना, म्हणून २००० साली स्पेस शटलमधून रडारने घेतलेल्या नकाशातला आकडा उचलला. त्या नकाशाचा एक चौकोन साधारण तीस मीटरचा. चौकोनभर जमिनीला मिळून एकच उंची, म्हणजे टोकदार सुळक्याचं डोकं सरासरीत कापलं जाणार हे उघड होतं. मला ते कळत होतं, तरी तळटीप टाकली नाही. दोन वर्षांनी एका वादात समोरच्याने तोच आकडा पुरावा म्हणून माझ्या तोंडावर मारला. माझीच चूक दोन संकेतस्थळं फिरून, प्रतिष्ठित होऊन परत आली होती. मी ती यादी काढून टाकली. आकडा अजून फिरतोय.

लोक म्हणतात, डोंगरावर जावं, वारा खावा, चार-दोन मीटरने काय बिघडतं? वारा जरूर खावा. पण हीच माणसं ‘राज्यातलं क्रमांक दोनचं शिखर सर केलं’ म्हणून फोटो टाकतात. क्रमांक हवा असेल तर मोजमाप टाळता येत नाही. मोजायचं नसेल तर क्रमांकही सोडा.

ब्रिटनमधले हौशी लोक पाठीवर उपकरणं घेऊन हेच करत हिंडतात. त्यांच्या मोजणीमुळे २००९ मध्ये स्कॉटलंडमधला एक डोंगर ३००० फुटांना साधारण तीन फूट कमी भरला आणि ‘मन्रो’च्या मानाच्या यादीतून बाहेर पडला. काफ टॉप हा इंग्लंडमधला डोंगर २००० फुटांना जेमतेम दोन सेंटीमीटर कमी पडला होता. २०१६ मध्ये समुद्रसपाटीचं गणित सुधारलं आणि तो सहा मिलिमीटरने ‘पर्वत’ ठरला. हसू येतं, मान्य. पण त्या सहा मिलिमीटरमागे कोण, कधी, कशाने हे सगळं नोंदलेलं आहे. उद्या कुणीही चूक काढू शकतो.

पद्धतही काही अगम्य नाही. पठारावर दोन उंचवटे असतील तर मधे लेव्हल लावायची, दोन्हीकडे पट्टी उभी धरायची. जिथे वाचन कमी येईल तो उंचवटा उंच. मग त्या बिंदूवर चांगला जीपीएस दोन-तीन तास ठेवून नंतर आकडेमोड करायची. माथ्यावर देऊळ असेल तर कळस मोजायचा नाही, जमीन मोजायची.

परवानगीची सबबही आता संपली. फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनी भारतीय नागरिकांना सर्वेक्षणासाठी पूर्वपरवानगीची अट काढून टाकली. पुण्या-मुंबईत सिव्हिलवाल्यांकडे उपकरणं आहेत, आमच्यासारख्यांकडे आकडेमोड करणारी यंत्रं आहेत आणि शनिवार-रविवार तर सगळ्यांकडेच आहेत.

माझी मागणी छोटी आहे. ट्रेकिंग क्लबांनी वर्षाला एक डोंगर मोजावा. आकड्यासोबत तारीख, उपकरण, पद्धत आणि किती चुकू शकतो हे छापावं. आणि ज्या उंचीमागे यातलं काहीच नाही, तिच्यापुढे ‘अंदाजे’ लिहावं. हा एक शब्द मी त्या सुळक्यापुढे लिहिला असता, तर आज हा लेख लिहिताना एवढी लाज वाटली नसती.