इम्युनिटी ‘वाढवून’ काय करणार?

मागच्या रविवारी पार्किंगमधला भटका कुत्रा आमच्या रूममेटला चावला. पोटरीतून रक्त येतंय आणि हा पठ्ठ्या म्हणतो, “काही होत नाही रे, आपली इम्युनिटी स्ट्राँग आहे. २०२० पासून रोज काढा घेतोय!”

डोकंच सटकलं. त्याला आधी नळाखाली उभं केलं (साबण, वाहतं पाणी, १५ मिनिटं), मग हॉस्पिटलात नेलं. उरलेला राग इथे काढतोय.

मंडळी, इम्युनिटी म्हणजे मोबाईलची बॅटरी नव्हे, ६० टक्क्यांवरून ९० वर न्यायला. मुद्दा ताकदीचा नाही, ओळखण्याचा आहे. अँटीबॉडी हे ‘वाय’ अक्षराच्या आकाराचं प्रथिन. त्या वायच्या दोन टोकांचा आकार आणि त्यांवरचे विद्युतभार समोरच्या रेणूच्या एखाद्या तुकड्याशी जुळले, तरच ती घट्ट चिकटते. नाही जुळले तर शेजारून निघून जाते. गोवरावरची अँटीबॉडी रक्तात कितीही असो, रेबीजचा विषाणू तिच्या लेखी अनोळखीच!

मग कधी न पाहिलेल्या विषाणूसाठी अँटीबॉडी येते कुठून? आपल्याकडे प्रथिनं बनवणारी जनुकं साधारण २०,०००, आणि शक्य असलेल्या अँटीबॉडी मात्र अब्जावधी. हे कोडं सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ मध्ये सोडवलं आणि त्याबद्दल त्यांना १९८७ चं नोबेल मिळालं. बी पेशी तयार होताना जनुकांचे तुकडे वाट्टेल तसे जोडले जातात. म्हणजे शरीर आधी ढिगाने किल्ल्या पाडून ठेवतं, कुलूप नंतर येतं. जिची किल्ली लागली त्या पेशीच्या प्रती निघतात, प्रतींत बारीक बदल होतात आणि त्यातल्या जास्त घट्ट बसणाऱ्या टिकतात. आपल्या भाषेत, रँडम जनरेटर आणि त्यावर निर्दय टेस्टिंग.

पण या टेस्टिंगला वेळ लागतो. रेबीजची लस म्हणजे मारलेला विषाणू, शरीराला दाखवलेला गुन्हेगाराचा फोटो. तो पाहून पुरेशा अँटीबॉडी तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात. तोवर विषाणू मज्जातंतूंतून मेंदूकडे निघालेला असतो. म्हणून रक्त आलेल्या चाव्यात लशीसोबत जखमेत तयार अँटीबॉडीही टोचतात. आता सांगा, काढा कोणाचा फोटो दाखवतो? आल्याचा की दालचिनीचा?

आणि नुसती ‘वाढलेली’ इम्युनिटी हवीय कोणाला? ती शेंगदाण्यावर चवताळली की ॲलर्जी. स्वतःच्याच स्वादुपिंडातल्या पेशींवर उलटली की टाइप १ डायबेटिस. तिथे ताकद भरपूर असते, ओळख चुकलेली असते.

झोप, जेवण, व्यायाम हवाच. कुपोषित शरीराची प्रतिकारयंत्रणा ढेपाळते, हे शंभर टक्के मान्य. काढाही प्या की, घशाला बरा वाटतो. पण पाकिटावर ‘इम्युनिटी बूस्टर’ छापणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: कोणाविरुद्ध? याचं उत्तर नसेल तर तो तुम्हाला फक्त दिलासा विकतोय. आणि रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचणं जवळपास अशक्य. तिथे दिलासा जीव घेतो.

आज आमच्या हिरोचा तिसरा डोस. निमूटपणे गेलाय. थर्मासमध्ये काढा घेऊन.

असो.