सगळ्यांना एकच फवारा?

एप्रिल संपत आला की आमच्या मुलुंडात तीन गोष्टी हमखास होतात. हापूस सामान्यांच्या आवाक्यात येतो (येतो असं म्हणायची पद्धत आहे), पाणीकपातीची कुजबुज सुरू होते आणि सोसायटीच्या फळ्यावर पेस्ट कंट्रोलची नोटीस लागते. यंदाच्या नोटिशीत मधमाश्या, गांधीलमाश्या, झुरळं, मुंग्या आणि डास अशी सगळ्यांची नावं एका ओळीत होती. उपायही सगळ्यांना एकच, फवारणी!

जन्मभर मराठी शिकवलेल्या बाईला अशी यादी खटकणारच. आपल्या भाषेत मधमाशी डंख मारते, विंचू नांगी मारतो, साप डसतो, डास चावतो आणि ढेकूण रक्त पितो. आपल्या आजी-पणजींनी ही वेगवेगळी क्रियापदं उगाच नाही वापरली. कोण कधी आणि कशामुळे त्रास देतो हे त्यांना रोजच्या जगण्यातून ठाऊक होतं. आपण शिकलो, फ्लॅटमध्ये आलो आणि या सगळ्यांना "किडे" म्हणून मोकळे झालो.

माझं म्हणणं थोडक्यात सांगते. ज्याची आपल्याला भीती वाटते त्याला आपण मारतो आणि जो खरा घातक आहे त्याला घरात पाणी घालून वाढवतो. पटतंय का बघा.

आधी मधमाश्यांचं. आमच्या मागच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीखाली दरवर्षी आग्या मोहोळ लागतं. मुलुंड काय किंवा बोरिवली काय, नॅशनल पार्कच्या कुशीतली उपनगरं. डोंगरात झाडं फुलतात, रस्त्यावर करंज आणि सोनमोहर फुलतात, मग माश्या येणारच. आपल्याकडे आग्या, सातेरी, फुलोरी आणि पोया अशा माश्या आहेत. सातेरी पेटीत पाळता येते. आग्या माशीला पेटी चालत नाही. तिला उंच कडा लागतो, उघड्यावर एकच मोठं पोळं लावायचं असतं. शहरात कडे नाहीत, म्हणून ती टाकी आणि छज्जा पसंत करते. ती कायमची राहायलाही आलेली नसते. ऋतू पालटला की सगळं बिऱ्हाड उठून जातं आणि मागे रिकामं मेणाचं पोळं तेवढं राहतं. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच जागी हजर!

आग्या माशीचा राग भयंकर असतो हे मी नाकारत नाही. शिवनेरीवर किंवा अजिंठ्याला पर्यटकांवर माश्या उठल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत. पण त्या उठतात कशाने? धुराने, दगडाने, फटाक्याच्या बाणाने, कधी मोहोळघारीने झडप घातल्यामुळे. एका माशीने डंख मारला की त्या जागी पिकलेल्या केळ्यासारखा एक वास सुटतो आणि तो बाकीच्यांना "इथे या" म्हणून बोलावतो. म्हणून एक डंख बसला की तिथे उभं राहून हातवारे करायचे नाहीत, सरळ घरात जाऊन दार लावायचं.

तीन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीने काय केलं ते ऐका. एका माणसाला बोलावलं, तो सकाळी अकरा वाजता भर उन्हात मशाल घेऊन गच्चीवर चढला. शाळेची बस यायची वेळ. मोहोळ उठलं. मशालवाला पळाला, आणि डंख बसले ते फाटकावरच्या वॉचमनला आणि दुधाचे पैसे मागायला आलेल्या भय्याला. वॉचमन दोन दिवस इस्पितळात होता. पोळं जळून खाली पडलं, पिल्लं होरपळून मेली. पुढच्या वर्षी माश्या त्याच टाकीखाली परत आल्या. म्हणजे खर्च झाला, माणसं होरपळायची वाचली एवढंच, आणि पोळं आहे तिथेच.

आता पोळं शाळेच्या खिडकीवर असेल किंवा घरात कुणाला डंखाची ॲलर्जी असेल, तर ते काढायलाच हवं. त्यात भावनेला जागा नाही. पण ते काम जाणत्याने, अंगभर जाळीचे कपडे घालून, अंधार पडल्यावर करायचं असतं. पुण्याला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ सालापासून आहे आणि ती चालवणाऱ्या खादी ग्रामोद्योग आयोगाचं मुख्यालय तर इथे पार्ल्यात, इर्ल्याला आहे. चौकशी करायला आपल्याला तिथवर जायलासुद्धा नको, फोन पुरतो. जिथे पोळं उंचावर आहे आणि कुणाच्या वाटेत येत नाही, तिथे खालच्या खिडक्यांना जाळी लावा, गच्चीचं दार बंद ठेवा आणि दोन-तीन महिने कळ काढा.

डंख बसलाच तर माशीचा काटा कातडीत राहतो, तो नखाने ताबडतोब खरवडून काढावा. जितका वेळ राहील तितकं विष आत जातं. मग बर्फ. पण श्वास लागला, ओठ किंवा चेहरा सुजला, चक्कर आली, तर एका डंखासाठीसुद्धा घरगुती उपाय करत बसू नका. सरळ इस्पितळ गाठा.

गांधीलमाशी आणि कुंभारीण यांच्याबद्दलही दोन शब्द. खिडकीच्या चौकटीत मातीची मडकी थापणारी ती कुंभारीण. ती सहसा डंख मारत नाही, तिला अळ्या आणि कोळी पकडून पिल्लांसाठी साठवायचे असतात. गांधीलमाशी मात्र घरट्याला धक्का लागला की चिडते, आणि तिचा काटा अंगात राहत नसल्यामुळे ती पुन्हा पुन्हा डंख मारू शकते. पण कढीपत्त्यावरच्या आणि लिंबाच्या झाडावरच्या अळ्याही तीच उचलून नेते. दारात घरटं असेल तर काढा. बागेच्या कोपऱ्यात असेल तर राहू द्या.

स्वयंपाकघरातल्या पाहुण्यांना तर फवाऱ्याची गरजच नाही. डाळीला एरंडेल, गव्हात कडुलिंबाचा वाळलेला पाला, झुरळांसाठी बोरिक पावडर-कणीक-साखरेच्या गोळ्या (लहान मुलं आणि मांजर यांच्यापासून लांब ठेवून) आणि आंब्याच्या सालींवरच्या चिलटांसाठी रात्रीच कचरा बाहेर. हे सगळं तुम्हाला माहीत आहे. उगाच पाल्हाळ लावत नाही.

काही जण म्हणतील, "बाई, हे सगळं पुस्तकी आहे. विषारी प्राणी तो विषारी, मारायलाच हवा." त्यांना मी माझ्या माहेरची गोष्ट सांगते. माझं माहेर महाडजवळचं. आमच्या लहानपणी उन्हाळ्यात सरपणातून, चिऱ्यांच्या गडग्यांतून लाल विंचू निघायचे. नांगी लागली की मांत्रिकाकडे धाव, आणि कितीतरी घरांतली पोरं सकाळ बघायची नाहीत. आमची माणसं दिसेल तो विंचू चपलेने ठेचत होती, तरी मरणं थांबली नाहीत. ती थांबली डॉ. हिंमतराव बावस्करांमुळे. त्यांनी विंचवाचं विष हृदयावर काय परिणाम करतं हे रुग्णाच्या उशाशी बसून पाहिलं आणि रक्तदाबावरचं प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध त्यावर चालतं हे दाखवून दिलं. १९८६ साली 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकात त्यांचं काम छापून आलं, २०२२ साली पद्मश्री मिळाली. पूर्वी विष भिनलेल्या शंभरांतले चाळीसच्या आसपास रुग्ण दगावायचे, ते प्रमाण आता एकाच्या आसपास आलं आहे. कोकणात विंचू आजही आहेत. माणसं वाचली ती कुणीतरी नीट बघितलं म्हणून.

उलट न बघता वापरलेलं औषध माणसालाच मारतं. ढेकणांसाठी किंवा उंदरांसाठी बंद खोलीत ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या ठेवल्या आणि फॉस्फीन वायूने शेजारच्या घरातलं लहान मूल गेलं, अशा बातम्या आपण वाचतो. ही गोळी धान्याच्या गोदामांसाठीची, प्रशिक्षित माणसांनी वापरायची. राहत्या घरात तिला जागा नाही. फवारणीवाला आला तर निदान औषधाचं नाव विचारा, डबा बघा. तो नाव सांगत नसेल तर त्याला चहा देऊन परत पाठवा.

आता खरा गुन्हेगार. डास! मधमाशीच्या विषयावर आमच्या सभेला चाळीस माणसं होती. टाकीची झाकणं आणि कुंड्यांखालच्या ताटल्या या विषयावर आम्ही सहा जण उरलो, त्यातल्या दोघींना लिफ्टबद्दल बोलायचं होतं. आणि मागच्या पावसाळ्यात आमच्याच मजल्यावरचा कॉलेजात जाणारा मुलगा डेंग्यूने अकरा दिवस इस्पितळात होता. त्याची आई रोज जिन्यात भेटायची आणि प्लेटलेट्सचा आकडा सांगायची. तो आकडा ऐकायला लागू नये म्हणून मी दार उघडायचं टाळायला लागले होते. मुलगा वाचला. २०१२ साली यश चोपडांसारखा माणूस याच मुंबईत डेंग्यूने गेला, सगळी मोठी इस्पितळं हाताशी असताना.

डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि गटारात नाही, आपल्या घरातल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. मनीप्लँटची बाटली, फ्रिजमागची ताटली, पाणीकपातीसाठी भरून ठेवलेलं पिंप, गच्चीवरच्या ताडपत्रीची घडी. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा पाणी ओतून टाकायचं. नुसतं ओतूनही भागत नाही, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने जगतात. ताटली घासायला हवी. धुराची गाडी येते तेव्हा आपल्याला बरं वाटतं खरं, पण ती फक्त उडणारे डास मारते. हिवतापाचंही तेच. १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या हिवतापावर अहवाल दिला तेव्हा विहिरींकडे बोट दाखवलं होतं. विहिरी गेल्या, गच्चीवर टाक्या आल्या. झाकण उघडं राहिलं की डासाला दोन्ही सारख्याच.

तेव्हा मंडळी, माझी सूचना अगदी साधी आहे. मेच्या अखेरीस, पाऊस लागण्याआधी, प्रत्येक घराने एक रविवार सकाळ द्यावी. वर टाकीखाली बघण्याआधी खाली कुंडीखाली बघावं. मुलांना सोबत घ्या. सुट्टीत ती मोबाईल घेऊन बसलेलीच असतात, त्यांच्या हातात एक ब्रश द्या आणि पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या दाखवा. विज्ञानाचा इतका चांगला तास शाळेत मिळत नाही, हे मी शाळेत तेहेतीस वर्षं काढून सांगते आहे.

अमेरिकेतल्या आणि पुण्यातल्या भाचरांनो, तुमच्याकडे उन्हाळ्यात कोण कोण छळतं आणि तुम्ही काय करता, ते जरूर लिहा. मी ताटल्या घासायला जाते.