व्हिसा नको, पण कागद हवेत

सुट्टीत मलेशियाला जायचं ठरवलंय? मग व्हिसाची धावपळ तुम्हाला करावी लागणार नाही. 1 डिसेंबर 2023 पासून भारतीय पासपोर्टवर तिथे 30 दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय जाता येतं आणि ही सवलत 31 डिसेंबर 2026 पर्यंत वाढवलेली आहे.

पण ‘व्हिसा फ्री’ हा शब्द थोडा फसवा आहे. व्हिसा काढायचा असतो तेव्हा तुमची चौकशी घरून निघण्याआधीच होते. सवलतीत तीच चौकशी क्वालालंपूरच्या इमिग्रेशन काउंटरवर होते. तिथे अधिकाऱ्याला तुमचं उत्तर पटलं नाही तर तो परत पाठवू शकतो. तिकिटाचे पैसे पाण्यात!

म्हणून पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक आहे ना, ते आजच पाहा. परतीचं तिकीट आणि हॉटेलच्या बुकिंगची प्रिंट हातातल्या बॅगेत ठेवा. मोबाइलची बॅटरी नेमकी रांगेतच संपते! नातेवाइकांकडे उतरणार असाल तर त्यांचा पूर्ण पत्ता आणि फोन नंबर लिहून घ्या. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं असतं, मुलांचंसुद्धा. ते मोफत आहे. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर समजा, तुम्ही मलेशिया इमिग्रेशनच्या नव्हे, भलत्याच वेबसाइटवर आहात.

‘आलोच आहोत तर सिंगापूरही पाहून येऊ’ असा बेत अनेकजण करतात. सिंगापूरसाठी मात्र भारतीयांना व्हिसा लागतो. तो इथूनच काढून निघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ही सवलत फिरायला जाणाऱ्यांसाठी आहे, नोकरीसाठी नाही. ‘आधी टुरिस्ट म्हणून जा, वर्क परमिट तिथे गेल्यावर करून देतो’ असं सांगणारा एजंट तुमच्या मुलाला किंवा भाच्याला भेटला, तर त्याला दारातूनच वाटेला लावा. अशा आमिषाला भुललेल्या भारतीयांचं इराणमध्ये अपहरण झालं, त्यांच्या घरच्यांकडे खंडणी मागितली गेली. त्यानंतर नोव्हेंबर 2025 मध्ये इराणने भारतीयांची व्हिसामुक्त सवलतच थांबवली. थायलंडला म्हणून नेलेल्या कितीतरी तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमधल्या ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर राबवलं गेलं. आपल्या सरकारला विमानं पाठवून त्यांना परत आणावं लागलं.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर बहुतेकदा ‘ईसीआर’ असा शेरा असतो. अशांना मलेशियात नोकरीसाठी जायचं तर आधी भारत सरकारची परवानगी लागते. फिरायला जाताना ती लागत नाही आणि एजंट नेमका याच फटीचा फायदा घेतात. परदेशी नोकरीचा प्रस्ताव आलाच, तर सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे. पासपोर्ट किंवा पैसे हातात देण्याआधी त्यात त्याचं नाव शोधा.