खेळाडूची झोप, नोंद कोणाच्या हाती?

पॅरिस ऑलिम्पिकला २०२४ मध्ये गेलेल्या भारतीय पथकाच्या दिमतीला प्रथमच निद्रातज्ज्ञ देण्यात आले होते. त्याच स्पर्धेत कुस्तीपटू विनेश फोगट हिला अंतिम लढतीआधीची रात्र वजन घटविण्यासाठी जागून काढावी लागली आणि सकाळी अवघ्या १०० ग्रॅमने ती अपात्र ठरली. झोपेचे महत्त्व क्रीडाक्षेत्राने मान्य केले आहे. झोपेसाठी वेळ मात्र राखून ठेवलेला नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात नेहमी पुढे केला जातो. ११ बास्केटबॉलपटूंना पाच ते सात आठवडे रोज दहा तास अंथरुणात राहण्यास सांगितल्यावर त्यांची धाव चाचणीतील वेळ १६.२ सेकंदांवरून १५.५ सेकंदांवर आली, फ्री थ्रोची अचूकता ९ टक्क्यांनी वाढली. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

खरा प्रश्न मोजमापाचा आहे. मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल व स्नायूंचा ताण नोंदविणारी पॉलिसोम्नोग्राफी सर्वांत विश्वासार्ह. पण अंगभर तारा लावून महिनोन्‌महिने कोण झोपणार? म्हणून मनगटी पट्टा आला. तो हालचाल आणि नाडीवरून अंदाज बांधतो. निश्चल पडून असलेला जागा खेळाडूही त्याच्या लेखी बहुधा झोपलेलाच असतो, आणि महत्त्वाच्या सामन्याच्या आदल्या रात्री अनेकांची गत नेमकी तीच असते. उलट, पट्ट्यावरील आकड्याच्या धास्तीनेच झोप उडू शकते. या विकाराला संशोधकांनी २०१७ मध्ये 'ऑर्थोसोम्निया' असे नाव दिले.

अशा अंदाजी आकड्यांवर निवड किंवा मानधन ठरू लागले तर? अमेरिकेतील एनबीएच्या खेळाडू संघटनेने ही शक्यता वेळीच ओळखली. २०१७ मध्ये लागू झालेल्या करारानुसार पट्ट्यावरील माहिती मानधनाच्या वाटाघाटीत वापरण्यास संघांना मनाई करण्यात आली आणि उल्लंघनास अडीच लाख डॉलरपर्यंत दंड ठेवण्यात आला.

भारतात २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आरोग्यविषयक माहितीला वेगळा दर्जा देत नाही. नोकरीच्या कारणासाठी संमतीविना माहिती वापरण्याची काही मुभाही त्यात आहे. आयपीएलचा साडेसातचा सामना अकरा-साडेअकराला संपतो, पुढे अनेकदा दुसऱ्याच दिवशी विमानप्रवास असतो. त्या तुटक झोपेची नोंद कोणाकडे जावी, याविषयी मंडळाशी बोलणी करील अशी सध्या खेळत असलेल्या क्रिकेटपटूंची मान्यताप्राप्त संघटना देशात नाही. २०१९ मध्ये स्थापन झालेली संघटना निवृत्त खेळाडूंपुरती आहे.