डोकेदुखीला नाव मिळालेच पाहिजे

आपल्या वस्तीत कोणाला विंचू चावला तर अर्ध्या रात्री गाडी मिळते. लेकराला ताप चढला तर दवाखाना आठवतो. पण शाळेतली पोरगी डोके धरून बसली, तर कोणी जागचे हलत नाही. "झोप जराशी, बरं वाटन," एवढे सांगून जो तो आपल्या कामाला लागतो. डोकेदुखी हा आपल्याकडे आजार नाहीच. ती आळसाची खूण तरी असते, अभ्यास टाळायचे निमित्त तरी, नाहीतर 'बाहेरचं' तरी.

मी हे ऐकीव सांगत नाही. धामणगाव रेल्वेला नववीत शिकत असताना माझे डोके दुखायला लागले. डाव्या कानशिलात ठणका सुरू व्हायचा आणि तासाभरात डोळ्यामागे पोहोचायचा. उजेड सहन होत नसे, शेजारच्या घरातला टीव्ही खिळे ठोकल्यासारखा वाटे, उलटी झाली की थोडे हलके वाटे. दुसऱ्या दिवशी मी चांगली असायची, म्हणून कोणाचा विश्वास बसत नसे. आधी महिन्यातून एकदा, मग दोनदा, आणि दहावीच्या पूर्वपरीक्षेपर्यंत दर आठवड्याला. दोन पेपर बुडाले. वर्गात "परीक्षा आली की हिचं डोकं दुखते" असे म्हटले गेले. घरी नातेवाइकांनी सुचवले, शिक्षण झेपत नाही तर स्थळ पाहा.

उपाय कमी केले नाहीत. कोणी चष्मा करायला सांगितला. नंबर अगदी थोडा निघाला, चष्मा लागला, डोके दुखतच राहिले. एका खासगी दवाखान्यात दर वेळी सुई मिळायची, आजाराचे नाव कधीच मिळाले नाही. आजीने गुपचूप अंगारा आणला. मेडिकलमधून गोळ्यांची पट्टी आणायची सवय लागली. शेवटी आईने सोयाबीन कापणीच्या मजुरीतून साठवलेले पैसे डोक्याच्या सीटी स्कॅनवर गेले. अहवाल आला, सगळे ठीक. आम्हाला आनंद व्हायला हवा होता. पण वस्तीत त्याचा अर्थ असा लागला की, पोरीला काहीच नाही, नाटक आहे.

इथेच आपली मोठी चूक होते. अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन, स्कॅनमध्ये दिसत नाही. रक्तात दिसत नाही. ती ओळखली जाते रोग्याच्या सांगण्यावरून आणि डॉक्टरांच्या तपासणीवरून. मोठ्या माणसात झटका ४ ते ७२ तास टिकतो, मुलांत दोन तासांचाही असू शकतो. दुखणे बहुधा एका बाजूला, ठणकणारे, चालले-फिरले की वाढणारे. सोबत मळमळ-उलटी, किंवा उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे होणे. असे निदान पाच झटके झाल्यावर डॉक्टर खात्रीने नाव देऊ शकतात. जगात शंभर कोटींहून अधिक लोकांना हा आजार आहे. मोठ्या वयात बायकांत तो पुरुषांच्या सुमारे तिप्पट आढळतो. स्कॅन चांगला येणे म्हणजे गाठ नाही, रक्तस्राव नाही, एवढेच. दुखणे खोटे आहे, असा त्याचा अर्थ नाही.

मला नाव मिळाले बारावीत. आई आणि मी पॅसेंजरने पुलगाववरून वर्ध्याला गेलो, तिथून ऑटोने आठ किलोमीटर सेवाग्राम. कस्तुरबा रुग्णालयात कार्ड काढले, रांगेत बसलो. तिथल्या डॉक्टरबाईंनी मशीनकडे पाठवण्याआधी प्रश्न विचारले. कुठे दुखते, किती तास, पाळीच्या आधी वाढते का, उपाशी राहिल्यावर, उन्हात गेल्यावर, जागरण झाल्यावर काय होते. महिन्यात किती गोळ्या खातेस? मी सांगितले, जवळजवळ रोज एक. मग त्यांनी डोळ्यात उजेड टाकून पाहिले, हातापायांचा जोर पाहिला, चालवून पाहिले, रक्तदाब घेतला. आणि आईला विचारले, घरात अजून कोणाला असे दुखते का?

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मलेबी दुखायचं. लग्नाच्या आधीपासून. पण मी सांगतलंच नाई कोणाले."

अर्धशिशी घराण्यात चालते. माझ्या आईने डोक्याला फडके बांधून निंदण केले, कापूस वेचला, स्वयंपाक केला, आणि तिच्या दुखण्याला कोणी नाव दिले नाही. मला तीन वर्षे लागली, तिला वीस. म्हणून मी हा लेख लिहिते आहे.

विनयपिटकात जीवकाची कथा आहे. तक्षशिलेला सात वर्षे वैद्यक शिकून परतताना साकेत नगरीत त्याला पहिली रोगी भेटली. एका श्रेष्ठीची पत्नी, सात वर्षे डोकेदुखीने त्रस्त. नामांकित वैद्य सोने घेऊन गेले होते, गुण आला नव्हता. हा पोरगेला वैद्य काय करणार, म्हणून तिने आधी नकार दिला. जीवक म्हणाला, बरे वाटल्याशिवाय काही देऊ नका. त्याने आधी तिला नीट तपासले आणि मग औषध केले. तेव्हाचे औषध आज वापरायचे नाही. पण आधी रोगी पाहायचा, मग उपाय करायचा, हा क्रम आजही तोच आहे. पुढे हाच जीवक भगवान बुद्धांचा वैद्य झाला.

१४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर आपण जे सोडले, ते डोकेदुखीच्या रात्री मागच्या दाराने घरात येते. दिवसा त्रिशरण आणि रात्री उतारा, हे चालणार नाही. बाबासाहेब स्वतः मधुमेहाने आणि पायांच्या नसांच्या दुखण्याने बेजार होते. त्यांनी डॉक्टर गाठले, औषधे घेतली. १५ एप्रिल १९४८ ला ज्यांच्याशी त्यांचा विवाह झाला त्या माईसाहेबही डॉक्टरच होत्या. कारण शोधावे आणि कारणावर उपाय करावा, हीच धम्माची शिकवण आहे. दुखणे मागल्या जन्माचे पाप समजून गप्प बसू नये.

काहीजण म्हणतील, बाई, दवाखान्यात एक दिवस गेला की एक दिवसाची मजुरी गेली, आणि डॉक्टर दोन मिनिटे पाहतो. खरे आहे. म्हणूनच ती दोन मिनिटे वाया जाऊ नयेत. एक साधी वही घ्या. दुखले त्या दिवसाची तारीख लिहा. किती वाजता सुरू झाले, किती तास चालले, कोणती बाजू, उलटी झाली का, उजेड नकोसा वाटला का, आदल्या रात्री झोप किती, जेवण चुकले का, पाळीचा दिवस कोणता, कोणती गोळी घेतली. दोन महिन्यांची अशी वही टेबलावर ठेवली की डॉक्टरांना अर्धे निदान तिथेच दिसते. "सारखं दुखते" असे म्हटल्याने ते दिसत नाही.

गोळ्यांचा हिशेब तर लिहाच. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि मिश्र गोळी १० किंवा जास्त दिवस, असे तीन महिन्यांहून अधिक चालले, तर त्या गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते. माझे तेच झाले होते. डॉक्टरांच्या सांगण्याने त्या थांबवल्या. पहिले दोन आठवडे फार वाईट गेले. मग रोज रात्री एक प्रतिबंधक गोळी काही महिने घेतली, वेळेवर जेवले, पाणी प्याले, उन्हात डोक्याला रुमाल बांधला. झटके महिन्याला एकावर आले. आजार गेला नाही, पण बारावीचे सगळे पेपर दिले.

सगळीच डोकेदुखी अर्धशिशी नसते. ताणाने डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखे दुखते. रक्त कमी असले तरी दुखते. शाळेत मिळणारी निळी लोहगोळी पोरी फेकून देतात, ती खाल्ली पाहिजे. आणि आपल्या समाजाने एक गोष्ट विसरू नये. विदर्भात सिकलसेल आपल्या घरांत आहे. सिकलसेलच्या लेकराचे डोके जोरात दुखले तर ते अंगावर काढू नका, कारण या आजारात लहान वयातही पक्षाघात होतो. ज्यांची सिकलसेल तपासणी झाली नाही, त्यांनी ती सरकारी दवाखान्यात करून घ्यावी.

काही खुणा दिसल्या तर वही-बिही बाजूला ठेवून त्याच क्षणी १०८ ला फोन करा. आयुष्यात कधी झाले नाही असे, क्षणात वीज पडल्यासारखे दुखणे. तापासोबत मान ताठ होणे. फिट येणे, हातपाय लुळे पडणे, बोबडी वळणे, एकाएकी दिसेनासे होणे. डोक्याला मार लागल्यानंतरचे दुखणे आणि उलट्या. आणि दिवसेंदिवस वाढत जाणारे, पहाटे झोपेतून उठवणारे, उलटीसह दुखणे असेल तर त्याच आठवड्यात मोठ्या दवाखान्यात जा. तिथे स्कॅन लागतो आणि तो मागून घ्यावा.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. ग्रामीण रुग्णालयातून अमरावतीच्या इर्विनला किंवा नागपूरच्या मेडिकलला पाठवायची चिठ्ठी मागणे हा आपला हक्क आहे. शाळेत आरोग्य तपासणीचे पथक येते, तेव्हा पालकांनी डोकेदुखीची गोष्ट मुद्दाम सांगावी. उंची-वजन लिहून पथक परत जाऊ नये.

विहारांनाही माझे सांगणे आहे. अभ्यासिकेत पुस्तके आहेत, तिथे डोकेदुखीच्या दोन-चार कोऱ्या वह्याही ठेवा. पौर्णिमेला वंदना झाली की महिला मंडळाने विचारावे, कोणाचे लेकरू दुखण्याने शाळा चुकवते आहे? ज्या मायबापाला मजुरी सोडता येत नाही, त्यांच्या लेकरासोबत मंडळातल्या एखाद्या बाईने दवाखान्यात जावे. अडाणी माणूस एकटा रांगेत उभा राहिला तर प्रश्न विचारायला कचरतो. सोबत कोणी असले की बोलतो. भगवंतांनी भिक्खूंना सांगितले होते की, ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी. ती सेवा म्हणजे हीच.

शिक्षकांना विनंती एवढीच की, दुखणाऱ्या मुलाला आधी अंधाऱ्या, शांत जागी बसू द्या. खोटे-खरे नंतर ठरवा.

माझ्या आईने मागच्या वर्षी पहिल्यांदा स्वतःसाठी केस पेपर काढला. त्यावर आजाराचे नाव लिहिलेले पाहून ती म्हणाली, "म्हणजे मी खोटी नोती." आपल्या घरातल्या कोणत्याही बाईला, कोणत्याही लेकराला हे ऐकायला वीस वर्षे लागू नयेत. आज रात्री जेवताना आपल्या पोरांना एकदा विचारा, तुझं डोकं दुखते का? आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्या.

जय भीम! नमो बुद्धाय!